तिसऱ्या खणातलं शून्य

१

शेडला खण चार. अडीच महिन्यांपूर्वी प्रत्येक खणात साठ पिल्लं सोडली होती, म्हणजे दोनशे चाळीस. शनिवारी सकाळी इंद्रायणीनं ती स्वतः मोजली, दोनदा. पहिल्या खणात एक्कावन्न, दुसऱ्यात पन्नास, तिसऱ्यात साठ, चौथ्यात बावन्न. मिळून दोनशे तेरा. मेलेली सत्तावीस. पाण्याची भांडी आठ, आठही घासून पालथी घातलेली. डासांची जाळी चारही बाजूंना; भोक एकच, तिसऱ्या खणाच्या मागं, तळहाताएवढं. शेडबाहेर चिंचेखाली एक कोंबडा: तांबडा, उंच, शेपटीची पिसं विळ्यासारखी वळलेली. शेडमधल्या प्रत्येक कोंबडीच्या पायात नंबराची प्लॅस्टिकची रिंग होती, याच्या नव्हती.

"तो मोजायचा नाही," बापूसाहेब म्हणाले.

"का?"

"तो यातला नाही. आंब्यात चिंचा मिळवत नाहीत, बाळ. दुसरीचं गणित आहे."

बापूसाहेबांनी मंद्रूपमध्ये एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतरही ते थांबले नव्हते. इंद्रायणी सोलापूरच्या एका तपासणी प्रयोगशाळेत आठ महिन्यांपूर्वी लागली होती. प्राणीशास्त्रात एम.एस्सी., विषय परजीवी. आज ती मायक्रोस्कोपची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं आली होती आणि पेटीमुळं कंडक्टरशी भांडूनही झालं होतं.

"मेलेल्या कोंबड्या दाखवता?"

"पुरल्या. चुना घालून."

"सगळ्या?"

"सत्तावीसच्या सत्तावीस. स्वच्छता म्हणजे स्वच्छता."

"उरलेलं खाद्य?"

"जाळलं."

इंद्रायणीनं पालथ्या भांड्यांकडं पाहिलं आणि पाण्याचं विचारलंच नाही. "मग मला कशाला बोलावलंत, सर?"

"सहीला." बापूसाहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "पोलिस ठाण्याचा अर्ज. सोमवारी सकाळी देणार. सगळं लिहून झालंय, फक्त विषाचं नाव घालायला जागा मोकळी ठेवली आहे. ते तू सांग."

कागदावर एक नाव मात्र आधीच घातलेलं होतं. त्या नावाची बाई शेडच्या दारात खराटा धरून उभी होती. अक्कम्मा, वय पन्नासच्या पुढं, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. सात वर्षं याच शेडला लागून असलेल्या खोलीत राहत होती. सोमवारी ती खोलीही रिकामी करायची होती.

"लेकीच्या बाळंतपणाला जायचं म्हणून महिनाभर सुट्टी मागितली," बापूसाहेब म्हणाले. "मी नाही म्हणालो. त्यानंतर आठव्या दिवशी पहिली कोंबडी मेली. पुढं पाच दिवसांत सत्तावीस. कार्यकारण स्पष्ट आहे."

"आन् मी कशाला मारू, यव्वा?" अक्कम्मा इंद्रायणीला म्हणाली. "हाताखाली वाढिवल्यात. रात्री दिवा लावून ऊब दिलीया."

"संशयितानं मधे बोलायचं नाही," बापूसाहेब म्हणाले.

इंद्रायणीनं पेटीचे खटके उघडले. सही करून परतीची एसटी पकडली असती तर दुपारचं जेवण घरी मिळालं असतं.

२

पहिल्या खणात एक कोंबडी कोपऱ्यात पंख ओघळून बसली होती. रिंग नंबर सात. तुरा लाल असायला हवा तो धुतलेल्या पोतेऱ्यासारखा फिकट, शेपटीखाली हिरवट विष्ठा. अक्कम्मानं तिला असं उचललं की तिनं मानही हलवली नाही.

इंद्रायणीनं प्रयोगशाळेत फोन लावला. डॉ. चिंतामणी तिचे वरिष्ठ.

"हिरवी विष्ठा ना? राणीखेत. लिही आणि ये."

"सर, राणीखेतची लस दोन आठवड्यांपूर्वीच झालीय. आणि तुरे पांढरे पडलेत, रक्त कमी झाल्यासारखे."

"लस फसली असेल."

"दोन खणांच्या मधल्या खणात एकही मेली नाही, सर. राणीखेत मधला खण सोडून उडी मारत नाही."

"इंद्रायणी, तू प्रत्येक गोष्टीत पीएच.डी. का करतेस?"

फोन ठेवला आणि वीज गेली. मायक्रोस्कोपला दिव्याखेरीज जुना आरसाही होता, म्हणून बरं. तिनं सात नंबरच्या पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतलं, पसरवलं, वाळवलं, रंगात ठेवलं. अर्धा तास थांबायचं होतं. तो अर्धा तास बापूसाहेबांनी तिला वेन आकृती समजावण्यात घालवला.

मग तिनं पेटी अंगणात ओढली, आरसा उन्हाकडं वळवला आणि डोळा लावला.

कोंबडीच्या लाल पेशी लांबट असतात आणि प्रत्येकीच्या मधोमध केंद्रक असतं, भाकरीवर ठेवलेल्या लसणाच्या पाकळीसारखं. इथं कित्येक पेशींत ते मधोमध नव्हतं. त्याला कुणीतरी कडेला ढकललं होतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पथारी पसरली होती. निळसर गोळा आणि त्यात काळपट-सोनेरी कण.

विषाला आकार नसतो. याला होता.

३

"मलेरिया?" बापूसाहेब म्हणाले. "कोंबडीला थंडी वाजते का?"

"हा कोंबड्यांचा मलेरिया, सर. परजीवी वेगळा. माणसाला होत नाही. पण रक्तातल्या पेशी खाऊन टाकतो, मेंदूतल्या बारीक शिरा तुंबवतो. पिल्लं आठवड्यात जातात."

"आणि येतो कुठून?"

"आजारी पक्ष्याचं रक्त प्यालेला डास दुसऱ्याला चावला, की येतो."

बापूसाहेबांनी पेन काढलं, अर्जातल्या मोकळ्या जागेवर बारीक अक्षरात लिहिलं, आणि वाचून दाखवलं: "'जाणूनबुजून जाळी फाटकी ठेवून.' चालेल?"

"नाही चालणार!" इंद्रायणीचा आवाज चढला, तसा चिंचेखालच्या कोंबड्यानं मान उंच केली. "भोक तिसऱ्या खणाला आहे. तिसऱ्या खणात मेलेल्या किती?"

"शून्य."

"मग?"

"शून्य ही संख्याच आहे, बाळ. तिचा आदर करावा."

तिसऱ्या खणातल्या दीडशे नंबरचं रक्त घेऊन तिनं दुसरी काच रंगात ठेवली आणि बांधावरून पलीकडं गेली. तिसऱ्या खणाच्या बरोबर मागं शेजारच्या बसप्पाचं शेततळं होतं, तळाला हिरवं पाणी, त्यावर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. बसप्पा कांद्याच्या रोपांत उभा राहून तिच्याकडं बघत होता. बापूसाहेबांच्या आधीच्या कोंबड्यांनी एकदा ही रोपं उकरली होती, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"तुमच्या पाण्यात डास आहेत," इंद्रायणी म्हणाली.

"हायतच की. रोज आमाला चावत्यात."

"सरांच्या कोंबड्यांना चावले असतील."

"त्या भोकातनं?" बसप्पानं जाळीकडं बोट केलं. "मग आधी भोकाजवळच्या चावतील की. का डास सरांच्या शाळंत शिकलाय, येक-दोन मोजून तीन सोडायला?"

सकाळपासून इंद्रायणीशी बोललेल्या सगळ्यांत पहिलं शहाणपणाचं वाक्य हेच होतं.

ती परतली तोवर दीडशे नंबरची काच वाळली होती. तिनं शंभर जागा तपासल्या. केंद्रकं सगळी मधोमध. एकही परजीवी नाही.

डास सगळ्यात जवळच्या खणाला विसरत नाही. म्हणजे हे काम डासाचं नव्हतं. मग एका कोंबडीचं रक्त दुसरीत जायला आणखी कोणती वाट उरते?

तिला फक्त एक वाट माहीत होती, आणि त्या वाटेला टोक होतं.

४

लालसाबला फोन केला. मंद्रूप ते वळसंग या पट्ट्यातल्या कोंबड्यांना लस टोचणारा माणूस हाच. तासाभरात त्याची मोपेड फाटकातून आत आली, मागं बर्फाचा थर्मास बांधलेला.

मोपेड दिसताच चिंचेखालचा कोंबडा किंचाळला, फडफडत फांदीवर चढला आणि वरूनच शिव्या दिल्यासारखा ओरडत राहिला.

"तुम्हाला ओळखतो वाटतं," इंद्रायणी म्हणाली.

"जनावर हाय, बाई. कुणालाबी वरडतंय." लालसाबनं टोपी काढून पुन्हा घातली. "पर माझी लस चांगली हुती. अल्लाकसम, बर्फ हुता, तारीख हुती. वीस वर्सं टोचतोय, येकबी तक्रार न्हाय."

"लसीबद्दल नाही विचारत. सुईबद्दल विचारतेय."

"सुया उकळून आन्तो. तीन बाटल्या, तीन सुया. बाटली बदलली की सुई बदलली."

"एका बाटलीत किती?"

"शंभर."

"म्हणजे शंभर कोंबड्यांना एक सुई."

"आता दोनशे चाळीस कोंबड्यांना दोनशे चाळीस सुया कोन लावतंय, बाई? तुमीच सांगा. दवाखान्यात मानसांस्नी लावत्यात, तेबी आत्ता आत्ता."

"खण कुठल्या क्रमानं घेतलेत?"

"येक, दोन, तीन, चार. मी टोचायचं, अक्कम्मा पायात रिंग घालायची. तीच कोंबडी परत हातात नगं याया."

इंद्रायणीचं पेन थांबलं. "म्हणजे रिंगचा नंबर हाच टोचण्याचा नंबर?"

"व्हय. येक नंबरला पयली सुई, दोन नंबरला..."

"एक नंबरलाच पहिली?"

लालसाबनं बापूसाहेबांकडं पाहिलं. बापूसाहेब चष्मा पुसत होते, स्वच्छ होता तरी.

"येक नंबरला," लालसाब म्हणाला आणि थर्मासचं आधीच घट्ट असलेलं झाकण घट्ट करू लागला.

मेलेल्या कोंबड्यांचे नंबर मिळाले की सगळं उलगडलं असतं. पण नंबर कोंबड्यांच्या पायात होते, आणि पाय चुन्याखाली. इंद्रायणी अंगणातल्या खाटेवर बसली. सही मागणारे, अंदाज सांगणारे, विनोद करणारे सगळे भेटले होते. पुरावा सांभाळून ठेवणारा एक माणूस मिळेल तर शपथ.

"ताई," अक्कम्मा दबक्या आवाजात म्हणाली, "त्या रिंगा पाह्यजेत व्हय?"

५

अक्कम्मानं खोलीतून सुतळी आणली. सुतळीत रिंगा ओवलेल्या होत्या, सत्तावीस.

"बघा!" बापूसाहेब उभेच राहिले. "मेलेल्या जिवाच्या पायातलंही सोडलं नाही! हे अर्जात घालायला हवं."

"तुमीच म्हणालता की, सर. रिंगा फुकट घालवू नगं, फुडच्या पिल्लांस्नी हुतील म्हनून."

बापूसाहेब तसं म्हणाले होते. त्यांच्या तोंडावरून ते कळत होतं.

इंद्रायणीनं सुतळी सोडली आणि रिंगा खाटेवर ओळीनं लावल्या. पहिल्या खणातल्या नऊ: एक ते सहा, आठ, नऊ, अकरा. दुसऱ्या खणातल्या दहा: एकशे एक ते एकशे सात, एकशे नऊ, एकशे दहा, एकशे बारा. चौथ्या खणातल्या आठ: दोनशे एक ते दोनशे सहा, दोनशे आठ, दोनशे दहा.

बसप्पाही केव्हातरी बांधावर येऊन उभा राहिला होता.

एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायची गरज नव्हती. बापूसाहेब खाटेच्या कडेला बसले.

"एक," ते म्हणाले. "एकशे एक. दोनशे एक."

"प्रत्येक वेळी नवी बाटली," इंद्रायणी म्हणाली. "नवी सुई. दुसरी बाटली दुसऱ्या खणाच्या मध्यात सुरू झाली, तिसरी चौथ्याच्या. तिसऱ्या खणात एकशे एकवीस ते एकशे ऐंशी. तिथं एकही बाटली सुरू झाली नाही. म्हणून शून्य. आता मला एकच सांगा. उकळलेली नवी सुई पहिल्या कोंबडीला सगळ्यात स्वच्छ असायला हवी. इथं ती पहिल्या दहा-बारांनाच मारतेय आणि पुढं निवळतेय. सात नंबर जेमतेम तगली. वीस ते शंभर सगळ्या ठणठणीत. असं कधी होईल?"

"येकच्या आधी..." बसप्पा बोलला आणि थांबला.

"बोला."

"येकच्या आधी कुनाला तरी टोचली असंल तर."

इंद्रायणीनं फांदीकडं पाहिलं. कोंबडा अजून लालसाबवर डोळा ठेवून होता. पायात रिंग नसलेला, मोजायचा नसलेला, लसवाल्याची मोपेड ओळखणारा.

"लालसाबभाई," ती म्हणाली, "त्याला किती वेळा टोचलंत?"

६

"तीनदा," लालसाब म्हणाला. टोपी आता हातात होती. "हर बाटलीची पयली सुई. नुस्तं टोक, अर्धा थेंब. मान देवीचा, सुई माझी, मला काय? सर म्हनाले, केलं."

"कोणते सर?"

प्रश्नाची गरज नव्हती. बापूसाहेब अर्जाची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

"गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं," शेवटी ते म्हणाले. "आत नेताना मी देवीला बोललो. मी. वर्गात पोरांना 'सिद्ध कर' म्हणून छड्या मारणारा मी. बरा झालो, तेव्हा तिच्या नावानं कोंबडा सोडला. मेहुणीनं राधानगरीच्या रानालगतच्या वाडीतून आणून दिला. तिथं रानकोंबडे अंगणात येतात. आता देवीचा कोंबडा दारात असताना पहिला मान दुसऱ्याला कसा द्यायचा? पहिली भाकरी आपण गाईला देतोच की."

"मग सकाळी सांगितलं का नाही?"

"गाव हसलं असतं."

इंद्रायणी अक्कम्माकडं वळली. "तुम्ही तिथंच होता, रिंगा घालत. तुम्ही तरी सांगायचं! दोन दिवसांनी हा माणूस तुम्हाला पोलिसांत देणार होता!"

"सर म्हणालते, कुनाला सांगू नगं." अक्कम्मानं पदर सारखा केला. "मी व्हय म्हणालते."

इंद्रायणी खाटेवरच्या रिंगा पुन्हा सुतळीत ओवू लागली.

"एक मिनिट." बापूसाहेबांतला मास्तर अजून शिल्लक होता. "हा कोंबडा वर्षभर धडधाकट आहे. तुरा लालभडक. पहाटे चारला आरवतो. हा आजारी कसा?"

"रानकोंबड्यांत हा आजार असतो, तिथल्याच डासानं याला दिला असेल. एकदा आजारातून तगलेला पक्षी वरून निरोगी दिसतो, सर. रक्तात थोडे परजीवी राहतात, वर्षानुवर्षं. त्याला त्रास नाही. सुईवरून दुसऱ्यात गेले, की डासही लागत नाही."

"हा तर्क झाला. सिद्धता नाही."

"सर!"

"रागावू नकोस. बरोबर बोलतोय का, सांग."

ती रागावलीच होती. पण ते बरोबर बोलत होते, आणि दिवसभरातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "त्याचं रक्त तपासते. निघालं तर?"

बापूसाहेबांनी अर्ज खाटेवर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर रिंगांची सुतळी ठेवली. "एक जरी परजीवी सापडला, तर हा कागद मी सगळ्यांसमोर फाडीन, आणि अक्कम्मा उद्याच्या गाडीनं लेकीकडं जाईल, महिनाभर, खोलीची किल्ली स्वतःकडं ठेवून. एकही नाही सापडला, तर सोमवारी मी ठाण्यात. बसप्पा, तू साक्षीला."

"बोलनं बंद हाय आपलं," बसप्पा म्हणाला, पण बांध उतरून आत आला.

लालसाब फाटकाबाहेर जाऊन मोपेडसकट दिसेनासा झाला, तेव्हा कुठं कोंबडा खाली उतरला. अक्कम्मानं त्याला कन्नडमध्ये काहीतरी सांगत पंखांखाली धरलं. इंद्रायणीनं शिरेतून थेंब घेतला, तीन काचा केल्या. रंग लावायच्या आधी काचेच्या कडेला नंबर घालावा लागतो. तिनं पेन्सिल हातात घेतली आणि थांबली.

"याला काय लिहू? रिंग नाही."

बापूसाहेबांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली. तिन्ही काचांवर, फळ्यावर लिहावं तशा वळणदार आकड्यांत, त्यांनी लिहिलं: २४१.

रंगाला अर्धा तास लागला. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं, तसा आरसा दोनदा हलवावा लागला. बापूसाहेब वेन आकृतीबद्दल काही बोलले नाहीत. अक्कम्मा खराटा घेऊन झाडलेलं अंगण पुन्हा झाडत होती. इंद्रायणी एका हातानं काच सरकवत होती, दुसऱ्या हातानं वहीत रेघा मारत होती.

सहाला दहा मिनिटं कमी असताना तिनं डोळा काढला, रेघा जुळवल्या आणि वहीत लिहिलं:

पक्षी क्र. २४१. नर, देशी. मोजलेल्या लाल पेशी दहा हजार. परजीवी असलेल्या पेशी एकोणीस.